सुकू द्यायची नाही

आमच्या घरात जखमेबाबत एकच कायदा होता: ती सुकली पाहिजे. गुडघा फुटला की आधी हळद, मग आईची तंबी, "पाणी लावू नकोस, चिघळेल." खपली धरली की घरातलं वातावरण निवळायचं. शाळेतल्या बाई, गल्लीतले कंपाउंडर काका, आजी, सगळ्यांचं यावर एकमत होतं, आणि आमच्याकडे इतकं एकमत सहसा कशावरच होत नसे. आज माझं पोट ज्या कामावर चालतं ते नेमकं याच्या उलट आहे. जखम सुकू नये म्हणून तिच्यावर ठेवायचं पाणी मी बनवते. पाणीच म्हणायचं ते, कारण शंभर ग्रॅम हायड्रोजेलमध्ये ऐंशी-नव्वद ग्रॅम नुसतं पाणी असतं. बाकीचं पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळ्यांसारखे रेणू, त्या पाण्याला जागेवर बसवून ठेवण्यापुरतं.

आईचं सगळंच चुकत होतं असं मात्र मी म्हणणार नाही. विहिरीचं, हौदाचं, डबक्याचं पाणी जखमेला लागलं की काय होतं ते तिच्या पिढीने पाहिलेलं होतं. तिला भीती घाणीची होती, आणि घाण येते पाण्यातून, म्हणून दोष पाण्यावर गेला. जखमेचा स्वतःचा ओलावा आणि बाहेरून आलेलं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे डॉक्टरांनाही फार उशिरा पटलं.

ते पटवलं डुकरांनी. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाचा एक छोटा लेख 'नेचर'मध्ये आला. त्यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनची पातळ फिल्म लावली. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने चढली. याचं कारण इतकं साधं आहे की वाचल्यावर आपल्या सगळ्या खपल्या आठवतात. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या काठावरून आणि केसांच्या मुळांपाशी उरलेल्या त्वचेतून सरकत सरकत मध्याकडे येतात, आणि सरकायला त्यांना ओली जमीन लागते. वर खपली असली की तिच्याखालचा थरही काही अंतरापर्यंत वाळलेला असतो. मग पेशींना खाली उतरून, ओल सापडेल तिथून, खपली पोखरत वाट काढावी लागते. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, हिनमन आणि मायबाख यांनी माणसांवर तसाच प्रयोग केला आणि निष्कर्षही तसाच निघाला. म्हणजे ज्या खपलीचं आम्ही कौतुक करत होतो, ती पेशींच्या वाटेतली अडचण होती.

एवढं कळल्यावर वाटतं, मग काय, जखम ओली ठेवली की झालं. मीही या कामात आले तेव्हा माझी समजूत साधारण अशीच होती. खरा गुंता आकड्यांत आहे. निरोगी त्वचेतून दर चौरस मीटरला दिवसाला साधारण २०० ग्रॅम पाण्याची वाफ जाते. मांस भरत असलेल्या उघड्या जखमेतून जाते साधारण ५००० ग्रॅम. तळहाताएवढी, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटरची जखम धरली तर दिवसाला ५० ग्रॅम. आता त्यावर तीन मिलिमीटर जाडीचा जेलचा तुकडा ठेवा. त्याचं वजन भरेल ३० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात पाणी असेल २७ ग्रॅम. तो तुकडा तसाच हवेत उघडा राहिला तर जखमेला ओलावा द्यायच्या आधी स्वतःच कोरडा पडणार. उलट त्याच्या पाठीवर अजिबात वाफ न जाणारं प्लास्टिक लावलं तर जखमेतून येणारी लस खाली तुंबते, कडेची चांगली त्वचा पांढरी, सुरकुतलेली, भिजट होते आणि जखम भरायच्या ऐवजी रुंदावते. ड्रेसिंगमधून दिवसाला चौरस मीटरमागे २००० ते २५०० ग्रॅम वाफ जावी, असा एक आकडा १९८०च्या दशकात मांडला गेला, आणि आम्ही सगळे अजून त्याच्याच आसपास घुटमळतो. म्हणून जेलच्या पाठीवर पॉलियुरेथेनची फिल्म येते, जी पाणी अडवते आणि वाफ मापात सोडते.

आमच्या प्रयोगशाळेतलं मुख्य पॉलिमर म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, आमच्या तोंडी पीव्हीए. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे. इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांना विचारा, सुताला खळ द्यायला ते हेच वापरतात. पांढरी पूड गरम पाण्यात, नव्वद अंशांच्या आसपास, सावकाश ढवळत विरघळवायची. घाई केली तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर कशानेही फुटत नाहीत. मग साच्यात ओतायचं आणि उणे वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं. पाण्याचा बर्फ व्हायला लागला की पॉलिमरच्या साखळ्या उरलेल्या चिंचोळ्या जागेत एकमेकींवर रेटल्या जातात आणि जागोजागी बारीक स्फटिकांसारख्या घट्ट जुळतात. बर्फ वितळतो, त्या जुळलेल्या गाठी तशाच राहतात. पुन्हा गोठवा, पुन्हा वितळवा, गाठी वाढत जातात. कसलंही रसायन न घालता पातळ द्रावणाचा रबरासारखा तुकडा तयार होतो. साखळ्या जोडायला ग्लुटारल्डिहाइड घातलं तर काम झटक्यात होतं, पण ज्या द्रवात दवाखान्यातली उपकरणं बुडवून निर्जंतुक करतात तोच हा, आणि त्याचा अंश जेलमध्ये राहिला तर जीवजंतूंबरोबर नव्या पेशीही मरणार. मला फ्रीझर जास्त आवडतो. वेळ लागतो, पण रात्री निवांत झोप लागते.

अडचण अशी की या कामात प्रत्येक चांगल्या गोष्टीची वसुली होते. गोठवण्याच्या फेऱ्या वाढवल्या की जेल मजबूत होतं, चिमट्याने उचलताना फाटत नाही, पण पाणी कमी धरतं आणि दुधासारखं पांढरं होतं. फेऱ्या कमी केल्या तर पाणी भरपूर, आणि तुकडा हातात लोंबतो. ग्लिसरीन घातलं की जेल सुकत नाही, मऊ राहतं, सगळे खूश होतात. पण ग्लिसरीनला पाण्याची ओढ फार. प्रमाण थोडं वाढलं की ते हवेतून मिळालं नाही तर जखमेतून पाणी ओढायला लागतं, आणि ज्याच्या जखमेवर आहे त्याला चुरचुरतं. बाजारात ट्यूबमधून मिळणाऱ्या एका प्रसिद्ध जेलमध्ये, इंट्रासाइटमध्ये, कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज हे पॉलिमर जेमतेम २.३ टक्के, ग्लिसरीनसारखंच ओल धरणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल २० टक्के आणि बाकी सगळं पाणी असतं. हे आकडे वाचायला दोन सेकंद लागतात. ते २० टक्के १५ का नाहीत आणि २५ का नाहीत, यामागे कुणाची तरी वर्षं गेली असणार हे मी पैजेवर सांगते.

इथे थोडी कुरकुर करून घेते. हायड्रोजेलवरचे शोधनिबंध वाचले तर वाटेल की सगळी स्पर्धा कोण जास्त फुगतं याचीच आहे. आमचं जेल स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी पितं, आमचं पन्नासपट पितं. बहुतेक वेळा हे पाणी डिस्टिल्ड असतं. डिस्टिल्ड पाणी कुठल्याही जखमेतून वाहत नाही. जखमेतली लस खारट असते, त्यात प्रथिनं असतात, आणि ज्या जेलच्या साखळ्यांवर विद्युतभार असतो ती जेलं मिठाच्या पाण्यात मुकाट्याने आक्रसतात. डिस्टिल्ड पाण्यात फुगलेला पहिलवान सलाईनमध्ये टाकला की अर्ध्यावर येतो, कधी त्याहून खाली. युरोपच्या प्रमाण चाचणीत म्हणूनच लिटरमागे ८.२९८ ग्रॅम मीठ आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातलेलं द्रावण वापरतात. त्याच मानकातली दुसरी चाचणी मला फार आवडते: नुसत्या बोटाने दाबून बघावं तितकी साधी आहे. एका भांड्यात ३५ टक्के जिलेटिन, म्हणजे कोरड्या जखमेचा सोंगाड्या. दुसऱ्यात २ टक्के अगार (समुद्री शेवाळातून मिळणारी शर्करा, जेलीसारखी गोठणारी), म्हणजे ओल्या जखमेचा. दोन्हींवर जेल ठेवायचं. चांगलं जेल जिलेटिनला पाणी देतं आणि अगारकडून घेतं. एकच पदार्थ, समोर कोण आहे ते बघून वागतो. जगातल्या कितीतरी माणसांना हे जमत नाही.

पण प्रमाण चाचणीलाही एक गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे सरकारी वॉर्डातला पंखा. आमच्याकडे चाचण्या बंद कपाटात होतात, तापमान ठरलेलं, आर्द्रता ठरलेली, वाऱ्याची झुळूक नाही. मे महिन्यात नागपूरच्या वॉर्डात, हवेत ओल नावालाही नसताना, खाटेच्या बरोबर वर पाचवर पंखा फिरत असतो आणि रुग्ण उकाड्याने पांघरूण फेकून देतो. आम्ही एकदा हौसेने जेलचे तुकडे तसेच टेबल फॅनखाली ठेवले. संध्याकाळपर्यंत कडा उचलल्या गेल्या आणि रात्री तुकडे उन्हात विसरलेल्या पापडासारखे वाकडे होऊन पडले होते. तोच तुकडा जुलैत रत्नागिरीला न्या, तो आठवडाभर सुकणार नाही, उलट त्याच्याखाली पाणी साचेल. थंड, मध्यम दमट देशांत बेतलेली ड्रेसिंगं आपल्याकडे कधी कोरडी ठाक, कधी चिकचिकीत का होतात, याचं निम्मं उत्तर हवेतच आहे. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रासाठी एक जेल पुरणार नाही. उन्हाळ्याचं वेगळं हवं आणि पावसाळ्याचं वेगळं. खरेदी विभागाला हे सांगून बघायची माझी हिंमत अजून झालेली नाही.

निर्जंतुकीकरण हा आणखी एक त्रास. गावोगावच्या दवाखान्यांत ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं, असतो, तिथेच काम भागलं असतं. पण गोठवून केलेलं पीव्हीए जेल वाफेत घातलं की त्या मेहनतीने जुळवलेल्या गाठी वितळतात आणि झाकण उघडल्यावर ट्रेमध्ये नुसता चिकट रस मिळतो. यावरचा तोडगा आधी पोलंडमध्ये निघाला. लोड्झ इथल्या तंत्रविद्यापीठात यानुश रोसियाक यांनी पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि अगार यांचं द्रावण साच्यात ओतलं, पाकीट सीलबंद केलं आणि मग ते इलेक्ट्रॉनच्या झोताखाली धरलं. किरणोत्सर्गाने पाण्याचे रेणू फुटून जे तुकडे होतात, तेच पॉलिमरच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडतात. आणि २५ किलोग्रेच्या (ग्रे हे किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं माप) त्याच मात्रेत पाकिटातले जंतूही मरतात. जोडणी आणि निर्जंतुकीकरण एका फटक्यात, बंद पाकिटात, आणि वर जोडणारं रसायन शून्य. मला हा विचार फार देखणा वाटतो. काही गोष्टी इतक्या नेमक्या असतात की त्या आपल्याला का सुचल्या नाहीत याचा रागही येत नाही.

आपल्याकडे हेच काम ट्रॉम्बेला झालं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात १९७४पासून आयसोमेड नावाचा प्रकल्प आहे. तिथे कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक केल्या जातात. केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी पीव्हीए आणि समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या शर्करा वापरून गॅमा किरणांनी हायड्रोजेल तयार केलं, आणि ते तंत्रज्ञान खासगी उत्पादकांकडे गेलं. भाजल्याच्या जखमा, मधुमेहाच्या आणि कुष्ठरोगाच्या न भरणाऱ्या जखमा, यांच्यासाठी ते होतं. यातली शेवाळाची युक्ती मजेशीर आहे. पीव्हीएचं द्रावण किरण मिळेपर्यंत पातळच असतं, पाकिटात इकडून तिकडे वाहतं. अगार थंड होताच ते आकार धरून बसतं. पुढे किरणांखाली पीव्हीए जुळत जातं आणि शर्करेच्या साखळ्या तुटत जातात. आधाराला आलेला स्वतः मोडतो आणि दुसऱ्याला उभा करून जातो, असा तो मामला आहे. अणुऊर्जा म्हटलं की बॉम्ब आणि विजेची बिलं यांच्या पलीकडे काही न आठवणाऱ्या माझ्या नातेवाइकांना मी हे आवर्जून सांगते. ते ऐकतात आणि विचारतात, "मग त्यातून रेडिएशन नाही ना बाहेर येत?" नाही येत. उन्हात वाळवलेल्या कपड्यातून ऊन बाहेर येतं का?

आता ज्या गोष्टीमुळे मला अधूनमधून स्वतःच्या कामाचं हसू येतं ती सांगते. मुंबईतच, आमच्या सगळ्या पॉलिमरांना बाजूला सारून, डॉक्टरांनी भाजल्याच्या जखमांवर बटाट्याच्या साली लावल्या होत्या. डॉ. एम. एच. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्याचा उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या ड्रेसिंगवरचा लेख १९८५ साली भाजलेल्या जखमांवरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. साली पट्टीवर चिकटवून, निर्जंतुक करून, जखमेवर. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. त्वचारोपणासाठी मांडीवरून त्वचा काढली की तिथे जी जखम होते तिच्यावर, आणि वरवर भाजलेल्या जखमांवरही, त्यांनी निर्जंतुक केलेली केळीची पानं लावून पाहिली, व्हॅसलीनच्या गॉझशी आणि बटाट्याच्या सालीशी तुलना केली, आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पान मोठं, गुळगुळीत, वरून मेणचट, कुठेही मिळणारं, आणि सालीपेक्षा कितीतरी स्वस्त. गॉझच्या तुलनेत ते काढताना दुखतही नव्हतं. सुश्रुतसंहितेत जखमेवरच्या साठ उपचारांची यादी आहे, त्यात 'पत्रदान', म्हणजे पान लावणं, हा एक स्वतंत्र उपचार आहे. पूर्वजांना सगळं माहीत होतं असली भाषणं करायला मी ते सांगत नाहीये. मला त्यात आवडतो तो शीवच्या डॉक्टरांचा रोखठोकपणा: परंपरेत आहे म्हणून पुरे न मानता त्यांनी दुसऱ्या ड्रेसिंगच्या शेजारी ठेवून मोजलं.

पान जिंकतं ते पाण्यावर नाही. त्यात जेलएवढं पाणी नाही, ते लस पीत नाही. ते जिंकतं निघताना. ही गोष्ट माझ्या वजनकाट्याला कळत नव्हती. ती मला एका वॉर्डातल्या सिस्टरांनी शिकवली. आमच्या प्रकल्पातले डॉक्टर आम्हाला ड्रेसिंग कसं बदलतात ते बघायला घेऊन गेले होते. सुकलेला गॉझ ओढून काढतात तेव्हा त्याच्या विणीत शिरलेलं कोवळं, लालसर, दाणेदार मांसही त्याबरोबर येतं. चार दिवसांत जे भरलं ते चार सेकंदांत उपटलं जातं. समोरच्या खाटेवरच्या बाईंना ट्रॉलीची चाकं ऐकूनच घाम फुटला होता. सिस्टर गॉझवर सलाईन ओतत, थांबत, पुन्हा ओतत आणि त्यांच्याशी त्यांच्या सुनेबद्दल बोलत होत्या. मी माझ्या जेलचं मोठ्या तोंडाने वर्णन केलं. फुगण्याचे आकडे, वाफेचे आकडे, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मॅडम, ते निघतं कसं?"

तेव्हापासून आमच्या वहीत एक नवा रकाना आला. डुकराच्या कातड्यावर जेल ठेवायचं, दिवसभर कोमट कपाटात राहू द्यायचं, मग ठरावीक कोनात ओढून किती जोर लागतो ते मोजायचं. जोर फार कमी असेल तर पट्टी घसरते, फार जास्त असेल तर तो गॉझच झाला. या एका चाचणीने आमची दोन लाडकी मिश्रणं बाद केली. त्यात कायटोसन (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं पॉलिमर) घातलेलं एक होतं, ज्याच्यासाठी प्रयोगशाळा आठवडे न् आठवडे व्हिनेगरसारखी आंबट वासाची झाली होती. ते जेल ओलं असताना गुणी होतं. थोडं सुकलं की कातडीला असं धरून बसायचं की सोडता सुटायचं नाही.

सिस्टरांची दुसरी मागणी होती आरपार दिसण्याची. जखम बघायला रोज ड्रेसिंग उचलावं लागू नये, वरूनच लाली, पू, काळेपणा दिसावा. मागणी बिनतोड होती आणि आमची पांढरीशुभ्र जेलं तिच्यापुढे नापास. पाण्याऐवजी डीएमएसओ नावाचा एक द्रावक आणि पाणी यांच्या मिश्रणात पीव्हीए गोठवलं तर ते काचेसारखं स्वच्छ होतं. पण मग तो डीएमएसओ पूर्ण धुऊन काढावा लागतो, पाणी बदलत, वाट बघत. तेही केलं. आता आमचं जेल वर्तमानपत्रावर ठेवलं की खालची बातमी वाचता येते.

सध्या घोडं अडलंय ते टाचेवर. मधुमेहाच्या जखमा बऱ्याचदा पायाला होतात, आणि सपाट तुकडा टाचेच्या गोलाईवर बसत नाही. कडेला हवा शिरते, तिथून तो सुकतो, आणि सांगूनही न ऐकता माणूस उभा राहिला की त्याच्या वजनाने आतलं पाणी पिळून बाहेर येतं. म्हणून आता टाचेच्या आकाराचे साचे करायचे ठरलं. पहिला साचा कोणाच्या टाचेचा यावर बराच खल झाला आणि शेवटी माझीच टाच प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये गेली. तो साचा मी सिस्टरांना दाखवायला नेला. त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिला, अंगठ्याने चाचपला आणि परत दिला. "मॅडम, हिला भेगाच नाहीत. अशी टाच आमच्या वॉर्डात येत नाही."